ग्राफिक्स कार्ड बदलायचंय, पण पॉवर सप्लाय आणि मे महिना झेपेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या एका गावात राहतो. लग्नाचं शूटिंग करतो आणि एडिटिंग घरीच, डाविंची रिझॉल्व्हवर. सध्या प्रोसेसर आय५-१०४००एफ, १६ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी मेमरीचं. फोर-के फूटेजवर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) टाकलं की जीपीयूची, म्हणजे कार्डाची, मेमरी संपल्याचा मेसेज येतो आणि रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार होणं) तिथंच अडतो. म्हणून आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं घ्यायचं मनात आहे.

पैसे मोजण्याआधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खालच्या बारीक रकान्यात मात्र १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. ३०६० एकटं १७० वॅटचं. प्रोसेसर कागदावर ६५, लोड आला की बराच वर. बेरीज इथंच बसत नाही. १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागतं आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते, म्हणून हा सप्लाय आजवर तगला. नव्या कार्डाला ८ पिनची वायर लागणार, ती यात नाहीच. दुकानदार म्हणतात, “मोलेक्सचं (जुन्या ४ पिनच्या वायरचं) कन्व्हर्टर लावून देतो ना भाऊ, काही होत नाही.” मला ते पटत नाही. ८ पिनमधून १५० वॅटपर्यंत लोड जाऊ शकतो. स्वस्त कन्व्हर्टरची वायर त्यात तापते, वितळलेलीही पाहिली आहे. तेव्हा सप्लाय बदलायचा हे नक्की. ३०६० साठी कंपनी ५५० वॅट सांगते. पण काही सप्लायचे वॅट २५ अंशाला मोजलेले असतात, गरमीत तेवढे मिळत नाहीत, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश. ६५० वॅटचा ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचं रेटिंग) घ्यावा का? लेबलवर ४० किंवा ५० अंशाचं रेटिंग दिलेला कोणी वापरलाय का?

खरी काळजी गरमीची आहे. लग्नसराई आणि ऊन एकाच वेळी येतात, त्यामुळे सगळ्यात लांब रेंडर नेमके एप्रिल-मेमध्ये, टिनाच्या खोलीत. कार्ड आत्ताच ८० अंशांवर जातं. नवं आलं की कॅबिनेटमध्ये जवळपास १०० वॅटची उष्णता वाढणार, आणि माझ्या कॅबिनेटला पुढून बंद काच, मागे एकच पंखा. पुढे दोन १२० मिमीचे पंखे बसवायला जागा आहे, पण काचेमागून ते हवा ओढतील कुठून? काच काढून जाळी लावावी, तर दुसरा प्रश्न: दिवाळीनंतर शेजारच्या खोलीत कापूस भरलेला असतो. परवा प्रोसेसरचा पंखा काढला, तर पंखा आणि हीटसिंकच्या मधे गोधडीच्या अस्तरासारखा रुईचा थर निघाला. तो काढल्यावर तापमान लगेच उतरलं. जाळीमागे बारीक फिल्टर लावला तर हवा किती कमी होते? आणि कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवावं का? हवा थंड, पण ओलसर. मी सध्या बाजूला ठेवतो.

शेवटचं म्हणजे लाइन. संध्याकाळी गावभर कूलर लागले की स्टॅबिलायझरवर १७०-१८० व्होल्ट दिसतात. लाइन गेली की घरच्या स्क्वेअर वेव्ह (साध्या, चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर काम चालतं. जुन्या सप्लायला चाललं, पण अॅक्टिव्ह पीएफसीवाले (लाइनमधून वीज नीट ओढणारं सर्किट असलेले) चांगले सप्लाय अशा इन्व्हर्टरवर कधी कधी बंद पडतात, असं वाचलं. मग प्युअर सायन वेव्ह (लाइनसारखीच वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरचाही खर्च धरावा लागेल.

दुसरा पर्याय आरटीएक्स ४०६०. ते ११५ वॅटचं, म्हणजे उष्णता कमी, पण मेमरी ८ जीबीच. माझी अडचण मेमरीची असल्यामुळे मन ३०६० कडेच जातं. रिझॉल्व्हवर ८ जीबीमध्ये फोर-के नॉइज रिडक्शन निभावतं का, हे वापरणाऱ्यांनी सांगावं. अकोला, चंद्रपूर, वर्धा भागात एसीशिवाय असं कार्ड चालवणारं कोणी असेल, तर मे महिन्यातलं तुमचं तापमान आणि कॅबिनेटचं नाव जरूर लिहा. लग्नाच्या तारखा लागायच्या आत सामान आणायचं आहे.