चादर, चारदीवारी आणि डायजेस्ट

सांजवात: पाकिस्तानी साहित्यातली बाई म्हटलं की आपली गाडी मंटोवरच अडते. ‘खोल दो’ ही त्याची फाळणीवरची कथा थोरच, पण त्यात अत्याचार सोसलेली सकीना जवळजवळ बोलतच नाही. तिच्यावर काय गुदरलं ते डॉक्टरला फुटलेल्या घामातून आपल्याला कळतं. बाईला स्वतःचा आवाज मिळाला तो बायका लिहू लागल्यावर. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात ‘चादर और चारदीवारी’ची घोषणा चाले, म्हणजे बाईनं अंगभर चादरीत आणि घराच्या चार भिंतींत राहावं. कवयित्री फहमीदा रियाज यांनी त्याच नावाची कविता लिहिली: हुजूर, ही काळी चादर मला कशाला? तुमच्या दालनात प्रेत सडतंय, त्यावर घाला!

वाळवणवाला: सकीनाला बोलतं केलं असतं तर आपण हळहळलो असतो आणि पुस्तक मिटून जेवायला बसलो असतो. तिचं गप्प राहणं हीच तर ती कथा. आणि ‘बायका लिहू लागल्यावर’ म्हणजे कोण? कादंबरीकार उमेरा अहमदही बाईच. तिच्या ‘पीर-ए-कामिल’मध्ये नायिका इमामा श्रद्धेपायी घर सोडते, धाडस सगळं तिचं. पण कादंबरी शेवटी होते नायक सालारच्या सुधारण्याची.

सांजवात: ते डायजेस्ट मासिकांतलं लेखन हो. मी साहित्याबद्दल बोलतेय.

आंबटगोड: इथेच माझं वाजतं. ‘खवातीन डायजेस्ट’सारखी मासिकं बायकाच लिहितात, बायकाच वाचतात. त्यातून मालिका निघतात. ‘हमसफर’ ही पाकिस्तानी मालिका २०१४ साली ‘जिंदगी’ वाहिनीवर लागायची तेव्हा आमच्याकडे कुकरची शिट्टीसुद्धा कुणाला ऐकू यायची नाही. सासू कारस्थान करते, नवरा संशय घेतो आणि नायिका खिरदला घराबाहेर काढलं जातं. परत येते तीही आजारी मुलीच्या उपचारासाठी, नवऱ्यासाठी नव्हे.

वाळवणवाला: आणि शेवटी संसार त्याच्याशीच! खलनायिका कोण, तर दुसरी बाई. नवरा बिचारा फसलेला.

आंबटगोड: हे मान्य. सगळा दोष सासूच्या पदरात घातला, ते मलाही खटकलं.

रुखवत: कथानकं राहू द्या, व्याकरण बघा. उर्दू गझलेत प्रेयसीलाही पुल्लिंगी क्रियापद लावायची जुनी रीत. पुरुषांनी बायकी बोलीत लिहिलेली रेख्ती होती, पण ती बहुतेक चेष्टेची. पाकिस्तानी कवयित्री परवीन शाकिर प्रियकराबद्दलच्या एका शेरात सरळ ‘कहूँगी’, ‘हार जाऊँगी’ लिहितात. क्रियापदाच्या शेवटी एक ईकार, आणि बोलणारी बाई समोर उभी.

सांजवात: हरते तीच ना पण?

रुखवत: हो. पण तो खोटारडा आहे हे सांगून हरते.