मदत हवी आहे: क्लोबाझाम (फिट्सचं औषध) चालू, तरी मुलाची झोप मोडते आणि पहाटे झटके

पहाटवारा:
मुलगा ७ वर्षांचा. रात्रीच्या फिट्स, क्लोबाझाम चालू आहे. दिवसभर पेंगतो आणि रात्री सारखा दचकून उठतो. घरचे म्हणतात फेनरगन दे, शांत झोपेल. देऊ का? किती? डॉक्टरांची तारीख लांब आहे. लवकर सांगा.

कडूगोळी:
वजन किती? क्लोबाझाम किती आणि किती वाजता? सोबत दुसरं कोणतं औषध? झटक्यात नेमकं काय होतं? तोवर फेनरगन देऊ नका. त्यातलं प्रोमेथाझिन हे जुन्या पठडीतलं सर्दी-अ‍ॅलर्जीचं औषध गुंगी आणतं, पण अपस्माराच्या मुलात झटके वाढवू शकतं. वर क्लोबाझामची गुंगी आहेच, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

नदीकाठ:
मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) द्या. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी. सवय लागत नाही.

कडूगोळी:
@नदीकाठ, मेलाटोनिन मुख्यतः झोप लागायला उपयोगी. हे मूल झोपतंय, मध्येच उठतंय. आधी कारण कळू द्या.

पहाटवारा:
वजन २० किलो. गोळी ५ मिग्रॅ सकाळी, ५ रात्री. व्हॅल्प्रोएट सिरप (तेही फिट्सचंच) दोन वेळा. पहाटे हात ताठ होतात. सर्दी आहे म्हणून रात्री नेहमीचं सर्दीचं सिरप. बरं, फेनरगन नको. मग काय देऊ?

कडूगोळी:
'नेहमीचं' म्हणजे कोणतं? बाटलीवर क्लोरफेनिरामिन लिहिलंय का बघा. तेही त्याच कुळातलं, अगदी तेच टाळायचंय. असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून विचारा.

तिसरा_मजला:
घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो? क्लोबाझाम ज्यात येतं त्या बेंझोडायझेपिन गटातल्या औषधांनी घशाचे स्नायू सैल पडतात, काही मुलांत लाळही वाढते. टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) मोठे असतील तर झोपेत श्वास अडतो, मूल दचकून उठतं. झोप तुटली की झटके वाढतात. शिवाय ही औषधं गाढ झोप कमी करतात, म्हणून तास भरूनही मूल दिवसा पेंगतं.

पाटीपुस्तक:
ईईजीच्या (मेंदूच्या लहरींच्या तपासणीच्या) आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागवा, म्हणजे तिथे झोप लागते. डोकं धुवून न्या, तेल नको. क्लोबाझाम चालू आहे हे टेक्निशियनला सांगा, त्यानं वेगवान लहरी दिसतात.

तिसरा_मजला:
ईईजीचं कोणी विचारलंच नाहीये.

नदीकाठ:
दिवसा पेंगतो ना, मग सकाळची गोळी बंद करून बघा.

कडूगोळी:
अजिबात नको! क्लोबाझाम एकदम तोडलं की लागोपाठ झटके येऊ शकतात, न थांबणारी फिटसुद्धा. कमी करायचं तर टप्प्याटप्प्यानं, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. सकाळचा डोस कमी आणि रात्रीचा जास्त करता येईल का, हे त्यांना जरूर विचारा. आणि हेही सांगा की सुरुवातीला उतार पडून आता पुन्हा वाढलंय का. या गटातल्या औषधांचा असर काही मुलांत ओसरतो.

घरात मिडाझोलामचा (चालू फिट थांबवायचा) नाकातला स्प्रे आहे ना? झटका ५ मिनिटांवर गेला तर वापरायचा. साधारण ०.२ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे २० किलोला ४ मिग्रॅ. स्प्रे ०.५ मिग्रॅचा असेल तर ८ फवारे, दोन्ही नाकपुड्यांत चार-चार. बाटलीवरची ताकद वाचा, काही १.२५ मिग्रॅच्या असतात. आकडा डॉक्टरांकडून लिहून घेऊन कपाटाला चिकटवा. नवी बाटली असेल तर आधी हवेत फवारून घ्या, नाहीतर पहिले फवारे रिकामे जातात.

पहाटवारा:
क्लोरफेनिरामिनच आहे. आणि हो, घोरतो, तोंड उघडं असतं. हे कोणी आधी विचारलंच नाही. दचकणं हाच झटका असेल तर?

तिसरा_मजला:
असू शकतो. दरवेळी तीच हालचाल, काही सेकंदांची, एका रात्रीत अनेकदा, असं असेल तर झटक्याचा संशय धरा. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात किंचाळून उठतो, काही मिनिटं ओळखत नाही, असं असेल तर तो झोपेतला भयविकार असू शकतो. व्हिडिओ काढा. मंद दिवा ठेवा, पांघरूण बाजूला करा, चेहरा आणि दोन्ही हात एका चौकटीत येऊ द्या. घोरण्याचा आवाज नोंदला जाऊ दे. किती वाजता हे फाइलच्या नावात लिहा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही तोच दाखवा.

पहाटवारा:
मोबाइल चार्जिंगला लावून रात्रभर चालू ठेवला तर चालेल?

तिसरा_मजला:
चालेल, पण पलंगापासून लांब, स्टँडवर. उशीजवळ चार्जर नको. मेमरी आधी मोकळी करा.