मदत हवी आहे: डोक्यातल्या गाठीचं रेडिएशन एका दिवसात संपतं का? (नागपूर)

खामल्याची
आईच्या डोक्यात गाठ निघाली आहे. काल धंतोलीत डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले ऑपरेशन नको, एसआरएस करू, म्हणजे फक्त गाठीवर नेमकं रेडिएशन, एका सिटिंगमध्ये होऊन जाईल. मागच्या वेळी शनिवार-रविवार सोडून रोज न्यावं लागलं होतं, मग आता एकाच दिवसात कसं काय? मला तर यात गडबडच वाटतेय. आणि एवढा डोस एकदम दिला तर मेंदू भाजणार नाही का? सोमवारी हो की नाही सांगायचं आहे. गुगलने डोकं आणखी भणभणलं. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा, लवकर.

तर्री_जास्त
मागच्या वेळी म्हणजे कधी? कशासाठी? आताची गाठ कसली, केवढी, कुठे? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

मानेवाड्याचा_गज्या
काहून घाबरून राह्यल्या ताई? माह्या आजीले कोबाल्टचा शेक दिला होता, चामडी काळी पडली होती पण बुढी नंतर बारा वर्षं जगली. एका दिवसात होते म्हणतात तर करून टाका ना बाप्पा.

बारमाही_पेशंट
माझ्या काकांच्या कानाच्या नसेवर गाठ होती. गॅमा नाइफ केलं, म्हणजे एसआरएसचंच एक मशीन. सकाळी डोक्याला चार स्क्रूंनी चौकट लावली, दुपारी मोकळे. सहा वर्षं झाली, गाठ आहे तेवढीच आहे. नाव नाइफ, पण कापाकापी शून्य. गॅमा नाइफच करा, दुसऱ्या कशाच्या नादी लागू नका.

वर्धा_रोड
स्क्रू कशाला ठोकून घ्यायचे? सायबरनाइफमध्ये रोबोचा हात फिरतो आणि नुसता मुखवटा असतो. गॅमा नाइफ जुनं झालं.

बारमाही_पेशंट
जुनं म्हणजे वाईट? तुमच्या घरात कोणी केलंय का, की व्हिडिओ बघून सांगताय?

किरणमापी
मशीनच्या नावावरून भांडू नका. रेडिओथेरपीत फिजिसिस्ट म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत. 'रेडिओसर्जरी' (एसआरएसमधलं 'आरएस') हा शब्द लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जनने 1951 मध्ये वापरला, त्याचं पहिलं गॅमा नाइफ 1968 चं. त्यात किरण सोडणारे कोबाल्टचे बारीक स्रोत असतात, नव्या मॉडेलात 192. सायबरनाइफ आणि साधा लिनॅक (रेडिएशनचं नेहमीचं मशीन) यांत कोबाल्ट नसतो, क्ष-किरण असतात. तत्त्व तिन्हींचं एकच. व्हरायटी चौक डोळ्यांपुढे आणा. येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर गाड्या तुरळक, पण सगळ्या एकाच वेळी चौकात पोचतात. एकेका वाटेवरच्या मेंदूला किरकोळ डोस बसतो, भारी डोस फक्त जिथे किरण एकत्र येतात तिथे. गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटरमध्ये तो झपाट्याने उतरतो. म्हणून 'मेंदू भाजतो' असं सहसा होत नाही. पण तर्रीरावांच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे काही सांगता येणार नाही.

तर्री_जास्त
व्हरायटी चौकात गाड्या तुरळक? सर, शेवटचे कधी आला होतात नागपुरात?

आजीचा_बटवा
गव्हांकुराचा रस रोज अनशापोटी. गाठ विरघळते. डॉक्टर हे सांगणार नाहीत.

मानेवाड्याचा_गज्या
आले हे.

निवृत्त_बाबू
फुले योजनेत बसतं का ते विचारलंत का? रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं हवं. आमच्याकडे एका काना-मात्रेवरून आठवडा गेला होता.

खामल्याची
पैशांचं मी विचारलंच नाही!! मागच्या वेळी म्हणजे पाच वर्षांपूर्वी, ब्रेस्ट कॅन्सरचं. ऑपरेशन, केमो आणि 25 सिटिंग लाईट (रेडिएशन). लिहिलं होतं असं वाटलं मला. आता एमआरआयमध्ये एकच गाठ आहे, 1.6 सेंटिमीटर, उजवीकडे पुढे. बाकी अंगाचा पेट (PET) स्कॅन स्वच्छ आहे.

बारमाही_पेशंट
अरेरे. मग माझ्या काकांचं उदाहरण लागू नाही, त्यांची गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती.

किरणमापी
हे आधीच कळायला हवं होतं. आता तुमच्या शंकेकडे येतो. छातीची गाठ तेव्हा ऑपरेशनने निघाली होती. लाईट दिली ती मागे राहिलेल्या, न दिसणाऱ्या पेशींसाठी. त्या कुठे आहेत ते माहीत नसतं, म्हणून मोठा भाग घ्यावा लागतो, त्यात कातडी येते, थोडं फुप्फुस येतं. त्यांना सावरायला वेळ हवा म्हणून रोज थोडं, साधारण 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), असं 25 दिवस. इथे गाठीची कड एमआरआयवर नीट दिसते आणि चांगला मेंदू डोसच्या बाहेर ठेवता येतो. मग थोडं थोडं देण्याचं कारण उरत नाही. एवढ्या गाठीला एका वेळी साधारण 20 ते 24 ग्रे देतात. आकडा तेव्हाच्या एकूण 50 पेक्षा लहान दिसतो, पण एकदम दिलेला 20 कितीतरी जड पडतो. तेव्हा यात गडबड नाही.

वर्धा_रोड
पण मेंदूत पसरलं असेल तर पूर्ण डोक्याला दहा दिवस शेक देतात ना? आमच्या शेजाऱ्यांना दिला होता.

किरणमापी
गाठी पुष्कळ असतील तर देतात. एकच असेल तर सहसा टाळतात, कारण पूर्ण मेंदूच्या शेकाने विसरभोळेपणा येतो, माणूस सुस्तावतो. उलट बाजूही आहे. एसआरएस फक्त दिसलेल्या गाठीवर काम करतं, दुसरीकडे नवी उगवू शकते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही. आणि गाठ दुसऱ्या दिवशी गायब होईल ही अपेक्षा ठेवू नका. कधी कधी आधी सूजच येते, तेव्हा स्टेरॉईड देतात. आईला शुगर आहे का?

खामल्याची
आहे. गोळ्या चालू आहेत. ते लिहायचं राहिलं.

तर्री_जास्त
ताई!!

किरणमापी
स्टेरॉईडने शुगर उसळते. सोमवारची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. घरी ग्लुकोमीटर आहे ना?

खामल्याची
आत्ताच फोन केला. म्हणाले फाईलमध्ये नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आता एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून या म्हणतात. हो, आई विचारतेय की त्या मुखवट्यात चष्मा राहतो का.

किरणमापी
नाही राहत. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात, घट्ट असते. कवळी असेल तर मुखवटा करायच्या दिवशीच तिथल्या लोकांना विचारा, ठेवायची की काढायची. जे त्या दिवशी केलं तेच उपचाराच्या दिवशी. आत त्या एकट्या असतील, पण बाहेर कॅमेऱ्यात दिसतात आणि बोललेलं ऐकू येतं. घाबरल्या तर हात वर करायला सांगून ठेवा.

खामल्याची
कवळी आहे. वरची.