मदत हवी आहे: ब्लॉक पझलमधला मनोरा दर वेळी वेगळाच पडतो

मंडळी, ब्राउझरमधला एक ब्लॉक पझल गेम खेळतोय, क्लिक करून लाकडी ठोकळे गायब करायचे आणि वरचा लाल ठोकळा खाली न पाडता फळीवर टिकवायचा, तर पंचविसाव्या लेव्हलला चार दिवस अडकलोय. तिथे तिरक्या फळीवर बर्फाचा ठोकळा आहे, घर्षण जवळजवळ नाहीच, आधार काढला की लगेच सरकतो आणि सगळा मनोरा घेऊन जातो.

आधी नवीन मॉनिटरवर सगळं भरभर पडत होतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा, आणि गेम बहुतेक प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग पुढे सरकतो, म्हणजे वेग थेट २.४ पट! सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ केलं आणि वेग ठीक झाला. पण खरा त्रास वेगळाच आहे, तेच ठोकळे त्याच क्रमाने काढले तरी एकदा लाल ठोकळा टिकतो, एकदा घसरतो. माझ्या क्लिकच्या वेळेत जो किंचित फरक पडतो त्याने एवढं होत असेल का? की मागे बाकीचे टॅब उघडे असल्यामुळे फ्रेम गळतायत?

मनोरा पूर्ण स्थिर झाल्यावरच पुढचा क्लिक करावा का, की डोलत असतानाच उलट्या बाजूचा ठोकळा काढून तोल सावरायचा? दुसरी युक्ती एकदाच जमली, पण परत काही जमेना. कोणी असा गेम नीट खेळलंय त्यांनी प्लीज सांगा, ही लेव्हल मला सोडवायचीच आहे.