शिकलेला माणूस नेमका कोणाले म्हणाचं?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)
राजेहो, थोडं लांब झालं आहे, पण वाचून घ्या. मी एमएस्सी केमिस्ट्री, घरी सात एकर वावर, पऱ्हाटी (कपाशी) अन् तूर. नोकरी नाही पण गावात मान आहे, पीक विमा भरायचा असो का सातबारा काढायचा असो, लोक माझ्याकडेच येतात, "शिकलेलं पोरगं आहे" म्हणून. झालं काय, परवा बाबांनी कृषी केंद्रातून दोन औषधं आणली, एक तुडतुड्याचं अन् दुसरं दुकानदारानं "हे पण सोबत मारा, जोरात काम करते" म्हणून हातात टेकवलेलं. आमच्याकडं फवारा मारतात ते काका साठीतले, सहीच्या जागी अंगठा. त्यांनी दोन्ही डबे मले देले अन् म्हणे, "पाय बरं बापू, हे एकमेकात चालतात का?"

मी नावं वाचली, आतल्या रसायनाची पण वाचली, एकाचं तर स्ट्रक्चर मातीवर काढून दाखवलं असतं. अन् म्हटलं, "हो, चालते ना काका." मले घंटा माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणाची लाज वाटली, बस एवढंच.

काकांनी माझ्याकडं पायलं, डबा फिरवला, म्हणे "याचा त्रिकोण पिवळा आहे, म्हणजे विषाच्या जोरात लालच्या एक पायरी खाली. अन् वारा सुटून रायला, आज नाही मारत." मग खोका फाडून घडी केली अन् बंडीच्या खिशात ठेवली. कशाले म्हटलं, तर म्हणे "मळमळ झाली तर डॉक्टरले दाखवाले. मागं माह्या भाच्याले नेलं तं काय मारलं होतं तेच कोणाले सांगता येईना."

रात्रभर डोक्यात तेच. आमच्या दोघात शिकलेला कोण?

टपरीवरचा
भाऊ एवढं टेन्शन नको घेऊ, डिग्री बायोडाटात लिहाले असते. अन् तिथंही आता पोरीवाले पहिले नोकरी इचारतात, वावर म्हटलं का फोन कट. काका मात्र एक नंबर.

धानाची_बांधी
मी चंद्रपूरकडची, आमच्याकडं पऱ्हाटी कमी, धान जास्त. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे (मराठवाड्यातलं नाही हो), तिथले दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरी. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ नावाच्या धानाच्या बांधीत दोन-चार लोंब वेगळे दिसले. आपण काय केलं असतं, बाकीच्यासोबत कापून मोकळे. त्यांनी ते बाजूला काढले, जपले, पुढच्या साली वेगळे लावले, मग परत निवडले, असं करत करत जे वाण तयार झालं ते म्हणजे आपण सगळे खातो तो एचएमटी तांदूळ. तेव्हा त्या कंपनीच्या घड्याळाची लय क्रेझ होती म्हणून व्यापाऱ्यानं तेच नाव ठेवलं म्हणतात. २०१८ मध्ये गेले बिचारे, हातात पैसा म्हणाल तर काही नाही. मी स्वतः बीएस्सी अ‍ॅग्री, चार वर्षांत एकदाही बांधीत उभं राहून एक लोंब निरखून पाहिला नाही, परीक्षेत मात्र सिलेक्शन मेथडवर दहा मार्काचं उत्तर लिहिलं होतं. नऊ मिळाले.

निवृत्त_गुरुजी (अमरावती)
वरचं वाचून बरं वाटलं पण एक गोष्ट खटकली, ती बोलतो, राग मानू नका. "अडाणी माणूसच खरा ज्ञानी" हे बोलायला फार गोड वाटतं अन् बोलणारा स्वतःचं पोरगं कॉन्व्हेंटमध्ये टाकून आलेला असतो. बेटा, तू यवतमाळचा, म्हणजे विद्यापीठाच्या नावामुळे तुझ्या डिग्रीवर बहुतेक संत गाडगेबाबांचं नाव असेल. बाबा शाळेत गेले नव्हते. पण तेच बाबा कीर्तनात सांगायचे की जेवायचं ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकरांना शाळेत घाला. न शिकण्याची किंमत त्यांना माहीत होती. अन् त्यांचं कीर्तन तरी काय होतं, समोर बसलेल्यांना एकामागून एक प्रश्न! आपण शाळेत उलटं केलं, हे मी चौतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहून सांगतो. उत्तर न आलेल्या पोराला आम्ही बाकावर उभं केलं. मीही केलं. त्यातूनच हे "हो, चालते ना काका" निघते.

आता काकांचं. त्यांचं शहाणपण कुठून आलं बघ. २०१७ मध्ये तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. काका ते पाहून शिकले. डब्यावरचं अन् आतल्या कागदावरचं तर त्याच्या आधीपासून छापलेलं होतं, ज्याला वाचता येत होतं त्यानं तेव्हा कोणाला वाचून दाखवलं का? तुझ्यावर रागावत नाही, माझ्यासकट सगळ्यांचं बोलतो आहे.

टपरीवरचा
गुरुजी जोरात लागलं हे

पऱ्हाटीवाला
गुरुजी नमस्कार. काल कृषी सहायकाले फोन लावला, सरळ म्हटलं साहेब मले माहीत नाही, तुम्ही सांगा. म्हणे लेबलवर लिहिलेलं नसेल तर दोन औषधं मनानं मिसळायची नाही, दुकानदारानं सांगितलं तरी नाही. मग डब्यासोबतचा कागद उलगडला, मराठी भाग मुंगीएवढ्या अक्षरात, मोबाईलवर फोटो काढून मोठा केला अन् धुऱ्यावर बसून काकांना पूर्ण वाचून दाखवला. चार वेळा मधेच थांबवून "हे परत वाच" म्हणे. एका ठिकाणी मीच अडकलो, प्रतिविष का काय शब्द होता, तर म्हटलं थांबा काका, हे मले पण समजलं नाही, अन् परत फोन लावला.

दुसरा डबा वापस नेला तर दुकानदार पैसे देत नाही म्हणे, बदल्यात सामान घ्या. हातमोजे अन् मास्क घेतले. हातमोजे काकांच्या हाताले लहान होऊन रायले, उद्या बदलून आणतो.