गाडीच्या पुढच्या काचेचा तडा : तुमचे अनुभव लिहा

घाटमाथा
आज सकाळी सोसायटीच्या वाहनतळात शेजारचा तरुण ओल्या फडक्याने गाडी पुसत होता. पुढच्या काचेवर, चालकाच्या नजरेच्या अगदी समोर, मसुराएवढा टवका उडालेला मला दिसला. मी बोट दाखवताच तो हसून म्हणाला, "काका, महिना झाला, वाढत तर नाहीये." हेच वाक्य मी २०११ साली सलग तीन महिने भेटेल त्याला ऐकवत होतो, म्हणून हा धागा काढावासा वाटला.

माझ्या काचेवर डंपरमागून जाताना खडा उडाला होता. गॅरेजवाल्याने लगेच टवका भरून घ्यायला सांगितले. मी मात्र पगार, सुट्टी आणि विम्याचा बोनस (वर्षभर दावा न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) या तिन्ही सबबी आलटून पालटून वापरल्या. मे महिन्यात साताऱ्याला एका लग्नासाठी गेलो, गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली आणि निघताना आत बसता बसताच मी एसीचा पूर्ण झोत काचेवर सोडला. वेळे गाव मागे टाकून खंबाटकीच्या बोगद्याकडे येत असताना 'टक्' असा आवाज झाला आणि त्या टवक्यातून निघालेली चीर माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे सरकत गेली. काच फुटून अंगावर आली नाही, त्यामुळे मला हायसे वाटले, आणि चूक तिथेच झाली. बोगद्यात शिरल्यावर प्रत्येक दिवा त्या चिरेवर विस्कटू लागला, पुढच्या ट्रकचे लाल दिवे दोनाचे चार दिसू लागले, आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवण्यात गेलेल्या क्षणामुळे ब्रेक उशिरा दाबला गेला. ट्रकच्या आणि माझ्या मध्ये हातभर अंतर उरले. पत्नी पुण्यापर्यंत एक शब्दही बोलली नाही.

पायवाट
आमच्याकडे खडा नव्हता, नारळ होता. गुहागरला गाडी माडाखाली लावू नका असे सासूबाई दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी लावतो.

काचकाम
नाशिकला गेली एकोणीस वर्षे गाड्यांच्या काचा बसवण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पुढची काच म्हणजे मुळात दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाईल ब्युटिरल नावाच्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खडा बसला की बहुधा बाहेरची काच फुटते, आतली शाबूत राहते आणि तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. त्यामुळेच मालकाला वाटते की काही झालेले नाही. प्रत्यक्षात गाडी खड्ड्यातून जाताना सांगाडा किंचित पिळवटतो आणि तो ताण काचेवर येतो. उन्हाने तापलेल्या काचेवर गार हवा सोडली की एक बाजू आकसते आणि दुसरी आकसत नाही. अखंड काच हे सगळे सोसते, टवका असलेली काच तिथूनच वाट काढते.

टवका लहान आणि ताजा असेल तर आम्ही त्यातली हवा ओढून घेतो, रेझिन (पातळ, पारदर्शक राळ) भरतो आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतो. आत धूळ, पाणी किंवा साबण गेला असेल तर रेझिन नीट बसत नाही आणि डाग कायम राहतो. चीर काचेच्या कडेपर्यंत पोहोचली असेल तर भरण्याचा प्रश्नच उरत नाही, काच बदलावी लागते. घाटमाथा, तुमच्या शेजाऱ्याला सर्वांत आधी ते ओले फडके खाली ठेवायला सांगा.

जुनीफियाट
तुम्ही सगळे नव्या काचांच्या काळातले सुखी लोक आहात. आमच्या फियाटला पुढेही एकेरी, कडक केलेली काच होती, म्हणजे आज दारांना असते तशी. १९८६ च्या पावसाळ्यात बेळगावहून सावंतवाडीला येताना आंबोलीच्या वळणावर एक खडा लागला आणि संपूर्ण काच एका क्षणात पांढरी झाली. साबुदाण्याची खिचडी समोर थापल्यासारखे दिसत होते. बाबांनी टॉवेल गुंडाळलेल्या मुठीने समोर भोक पाडले, म्हणून रस्ता दिसला. मग धुके, पाऊस आणि काचेचे दाणे असे सगळेच आत येऊ लागले. डोळे वाचवण्यासाठी बाबांनी आजोबांचा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेला काळा चष्मा लावला आणि भर धुक्यात, काळ्या चष्म्याने, आम्हाला घाट उतरवून खाली आणले. गाडी विकेपर्यंत पायपुसण्याखाली दाणे सापडत होते.

सरलवर्गीय
आणि आजोबा? ते बिनचष्म्याने बसले होते का?

जुनीफियाट
आजोबा डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, त्यामुळे त्यांना चष्म्याची गरज भासली नाही.

पायवाट
पोळीचा तवा उतरवून आले, आता पूर्ण लिहिते. नारळाने डाव्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. चालकासमोरची काच स्वच्छ आहे, तेव्हा चिपळूणपर्यंत जाऊ, असे यजमानांनी ठरवले. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. वायपरचे पाते तड्याच्या धारदार कडेला अडकू लागले, अर्ध्या तासात त्याचे रबर फाटून लोंबू लागले आणि उरलेला लोखंडी भाग काचेवर खरखरत फिरू लागला. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याचा त्या जाळ्यात तारा होत होता. माझ्या मांडीवर विसर्जनाहून परत आणलेला गणपतीचा पाट होता, तो मी इतका घट्ट धरला होता की हाताला वळ उठले. शेवटी मार्गताम्हाण्याला एका ओळखीच्यांकडे मुक्काम केला. उकडीचे मोदक शिल्लक होते, एवढीच त्या दिवसाची जमेची बाजू.

टेम्सकाठ
मी इंग्लंडमध्ये राहते. येथे गाडीच्या वार्षिक तपासणीत पुढच्या काचेचे मोजमाप ठरलेले आहे. स्टिअरिंगच्या मध्यावर धरलेल्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठे नुकसान असेल, किंवा वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, तर गाडी नापास होते. मला हे आधी माहीत नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात काचेवर गोठलेले दव घालवण्यासाठी मी चहासाठी उकळलेले पाणी उदार मनाने काचेवर ओतले. आदल्या महिन्यात पडलेला तिळाएवढा टवका क्षणात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून हे पाहिले आणि बाहेर येऊन मला न बोलता प्लास्टिकचे खरवडणे भेट दिले.

हिशेबनीस
बोनसच्या सबबीवर थोडे लिहितो, कारण मीही तीच वापरली होती. आपल्याकडे विम्यात काचेच्या भागांवर घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) धरत नाहीत. रबर आणि प्लास्टिकवर मात्र ५० टक्के धरतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे १००० रुपये आपल्याला स्वतः सक्तीने भरावे लागतात. माझ्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ६००० रुपये होता आणि बोनस २० टक्के, म्हणजे मी १२०० रुपये वाचवण्यासाठी चार महिने तडकलेल्या काचेतून मुलीला शाळेत सोडत होतो. बोनस ५० टक्क्यांवर पोहोचलेला असेल तर गणित वेगळे होते, हे मान्य. पण तेव्हाही टवका भरण्याचा खर्च काच बदलण्याच्या मानाने किरकोळ असतो. हा हिशेब मी पत्नीला अजून दाखवलेला नाही.

सरलवर्गीय
आमच्या मेव्हण्यांनी तड्यावर देवीचे मोठे स्टिकर लावले होते. 'तडाही झाकला आणि रक्षणही झाले' असे ते म्हणत. वाहतूक पोलिसाने थांबवून त्यांना विचारले की देवी तुमचे रक्षण करील, पण रस्ता तुम्हाला कोण दाखवणार? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमानुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, हे त्या दिवशी त्यांना पावतीसकट कळले.

निमपुणेकर
फक्त दृष्टीचाच प्रश्न आहे का? काच तडकलेली असताना अपघात झाला तर काय होते, हे कोणी सांगेल का?

काचकाम
चांगले विचारलेत. बहुतेक गाड्यांत शेजारच्या आसनासमोरची एअरबॅग वर उघडते, पुढच्या काचेवर आपटते आणि तिच्या आधाराने प्रवाशाकडे वळते. काच कमकुवत असेल किंवा नीट चिकटवलेली नसेल तर तो आधारच सुटतो. गाडी उलटली तर छप्पर दबू नये यासाठीही काच हातभार लावते. म्हणूनच नवी काच बसवल्यावर आम्ही गाडी लगेच देत नाही; चिकटवणारे पॉलियुरेथेन धरायला वेळ लागतो. गिऱ्हाईक बाहेर उभे राहून घड्याळ पाहते आणि मग दार धाडकन लावते, तेव्हा आतल्या हवेचा दाब ओल्या चिकटद्रव्यावर येतो. पहिला दिवस एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावी.

निमपुणेकर
आभारी आहे. माझ्या नव्या गाडीची काच बदलल्यानंतर तिच्यामागच्या कॅमेऱ्याची जुळवणी करायची राहून गेली होती, त्यामुळे सरळ रस्त्यावरही गाडी मला लेन सोडल्याचा इशारा देत राहिली. दोन दिवस मी स्वतःच्याच चालवण्यावर संशय घेत होतो.

पायवाट
टवक्यात झटपट चिकटणारा गोंद भरला तर चालतो का? यजमान विचारत आहेत, मी नाही.

काचकाम
ताई, यजमानांना नाही म्हणून सांगा. तो गोंद पुढे पिवळा पडतो आणि नंतर रेझिनला आत जायला जागा ठेवत नाही. कोरड्या काचेवर बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी, नजरेच्या आड येईल एवढी मोठी लावू नये आणि दोन-तीन दिवसांत गाडी घेऊन यावे.

घाटमाथा
तुमचे वाचून चिकटपट्टी घेऊन खाली गेलो, तर गाड्या धुणाऱ्याने तोवर दोन बादल्या ओतल्या होत्या. शेजारी आता खरोखर घाबरला आहे आणि केस वाळवायचा ड्रायर आणायला वर गेला आहे.

काचकाम
त्याला जिन्यातच थांबवा. एका जागी गरम झोत दिला तर चीर आजच धावेल. गाडी सावलीत उभी करा, काच आपोआप वाळू द्या आणि मग पट्टी लावा. तोपर्यंत एसीचा झोत पायांकडे.