हात बळकट करायला बँड की डंबेल्स? माझं मत बँडला

मलप्रभाकाठ:
आमच्या खानापूर तालुक्यातली सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं डंबेल्स आणायला बेळगावला पळतात. मला हे पटत नाही. लोखंड किलोच्या भावानं येतं. आज पाच किलोची जोडी घेतली की पुढं साडेसातची लागते, मग दहाची. त्यापेक्षा दोन-तीन जाडीचे रबरी बँड घ्या आणि पक्क्या खांबाला अडकवा. दंड, खांदे, पाठ, सगळ्याचा व्यायाम होतो. २०१९ साली बऱ्याच चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला होता. बँड आणि वजनं, दोन्हींनी ताकद वाढण्यात त्यात ठळक फरक निघाला नाही. मग घरात लोखंडाचा ढीग कशाला?

लाल माती:
फरक नाही म्हणता, मग आज किती किलो ओढलंत ते सांगा की. डंबेलवर आकडा कोरलेला असतो. बँडवाल्याकडे नुसता रंग, आणि तोही कंपनीगणिक वेगळा. पाऊल वीतभर मागं घेतलं की ताण बदलला! ताकद वाढवायची तर भार हळूहळू चढवावा लागतो, आणि चढवला किती ते कळावं लागतं. दुसरं म्हणजे तालमीतली पोरं अंगाला तेल चोळतात. तेलकट हातांनी बँडचं रबर, म्हणजे लॅटेक्स, धरलं की ते लवकर खराब होतं, उन्हात राहिलं की भेगा पडतात. ताणलेला बँड तुटून डोळ्यावर बसला तर काय करणार ओ?

मलप्रभाकाठ:
डंबेल पायावर पडत नाही व्हय? तेलाचं मान्य, हात पुसा आणि रोज भेगा तपासा. आकड्याचं म्हणाल तर पाय ठेवायच्या जागी फरशीवर खडूनं खूण करायची. त्याच खुणेवरून काल बारा वेळा ओढलं आणि आज पंधरा, तर ताकद वाढलीच की.

शहापूरची शिक्षिका:
भरती सोडून जगात कुणाला हात नाहीत काय? माझ्या सासूबाईंचा खांदा धरला होता. त्यांना फिजिओथेरपिस्टनं पिवळा, सगळ्यात हलका बँड दिला. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा. हा व्यायाम उभ्यानं डंबेल घेऊन करून बघा, खांद्याला काही लागतच नाही, कारण वजन खालीच ओढणार. बँड ज्या दिशेला बांधाल तिकडून ओढतो. घरातल्या बायकांना, वयस्करांना मी बँडच सांगेन. तालीमवाल्यांनी रागावू नये.

उद्यमबाग:
रागवायचं कशाला, खांद्याचं तुमचं बरोबर आहे. पण मूळ प्रश्न भरतीचा होता, तिथं मी लोखंडाच्या बाजूचा. बँड सुरुवातीला ढिला आणि शेवटी जड. डंबेलचं वजन तेवढंच राहतं आणि कर्ल मारताना, म्हणजे कोपरात हात वाकवून वजन वर घेताना, हात आडवा आला की जास्तीत जास्त जाणवतं. म्हणजे मधल्या टप्प्यात दंडाला खरी मेहनत पडते.

आता भरतीचं बघा. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत १० पुलअप्सना ४० गुण, ६ काढले तर १६. बरीच पोरं बारला बँड अडकवून त्यात पाय घालून पुलअप्स मारतात. तळाशी बँड सगळ्यात जास्त ताणलेला असतो, म्हणजे मदतही तिथंच सगळ्यात जास्त. मैदानात मात्र हात सरळ ठेवून लोंबकळत तिथूनच सुरू करायचं असतं! मग पहिल्याच ओढीला पोरगं अडकतं. त्यापेक्षा उडी मारून हनुवटी बारच्या वर न्या आणि जमेल तितकं सावकाश खाली या. बँड नको, डंबेलही नको.

लाल माती:
हेच म्हणतोय. आणि पकड? दोर चढा, मुद्गल फिरवा. हात म्हणजे फक्त पुढचा फुगीर दंड नव्हे. मागचा स्नायू त्याहून मोठा असतो, आणि तो जोर मारून घडतो. जोराला पैसे पडत नाहीत.

मलप्रभाकाठ:
म्हणजे तुम्ही दोघंही लोखंडावरून घसरलात की! जोर आणि बार मला आधीपासून मान्य आहेत. माझा वाद दुकानातून काय आणायचं एवढाच होता.

लाल माती:
आणायचंच असेल तर बारा-सोळा किलोची एकच केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, आणा. बँड नको.

मलप्रभाकाठ:
केटलबेलचा वेगळा धागा काढा, तिथं भेटू.